रिमोटच्या टँकरमधून सरबत: ट्रेलर कसा बदलायचा

रिमोटवर चालणाऱ्या छोट्या टँकर ट्रकने पाहुण्यांना सरबत वाढायचं असेल, तर टँकरच्या टाकीत सरबत ओतायचं नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण या उद्योगाला लागलेले बहुतेक जण टाकीचे सांधे सिलिकॉनने बुजवून, आत पाणी भरून, गळती शोधत बसण्यापासूनच सुरुवात करतात. मॉडेलची टाकी दिसायला सुबक असावी म्हणून केलेली असते, पिण्याचं काही साठवायला नाही. आत स्क्रूंची टोकं असतात, सांध्यांना चिकटवणी असते, रंग असतो, आणि हात आत जात नसल्यामुळे ती कधीच नीट घासता येत नाही. तिला नुसतं कवच समजा. पेय आतल्या वेगळ्या पिशवीत राहील, नळीतून जाईल आणि तोटीतून पेल्यात पडेल. पिशवी, नळी आणि तोटी या तिन्ही गोष्टी पाच मिनिटांत सुट्या करून मोरीत धुता आल्या पाहिजेत. पुढचे सगळे निर्णय या एका अटीवर ठरतात.

रिमोटचा ट्रक चालवलाय, पण अजून त्यात हात घातलेला नाही, अशांसाठी हे लिहितोय. चार-पाच ठिकाणी सोल्डर करावं लागेल. प्रोग्रामिंग कुठेही लागत नाही.

ट्रेलर

माप १:१४ घ्या. टामिया या जपानी कंपनीचे ट्रक आणि त्यांचा इंधन टँकर याच मापात येतात, आणि सुटे भाग सर्वांत जास्त याच मापाचे मिळतात. अडीच मीटर रुंदीचा खरा ट्रक या मापात १८ सेंटीमीटरचा होतो. लांबी चौदापट लहान झाली की टाकीचं पोट मात्र १४ गुणिले १४ गुणिले १४, म्हणजे २,७४४ पट लहान होतं. मे महिन्यात आपल्या सोसायटीच्या फाटकातून मागे मागे येत आत शिरणारा १०,००० लिटरचा पाण्याचा टँकर या मापात जेमतेम साडेतीन लिटरचा. तेवढंही भरायचं नाही. दीड लिटर पुरे: कटिंग चहाच्या मापाचे १०० मिलिलिटरचे १५ पेले होतात, आणि ट्रेलरवर वजन पडतं दीड किलो.

किटची किंमत ऐकून घाम फुटत असेल तर ट्रेलर घरी करता येतो. प्लंबरकडे सांडपाण्याचे पीव्हीसी पाइप असतात, त्यातला १६० मिलिमीटर व्यासाचा पाइप १:१४ च्या टाकीला नेमका शोभतो. खऱ्या मापात तो सव्वादोन मीटर व्यासाचा झाला. साठ सेंटीमीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना बुचं, खाली ॲल्युमिनियमच्या दोन चौकोनी नळ्यांची चासी, आणि ॲक्सल मात्र तयार विकत घ्या. मागचं बूच चिकटवू नका, दोन स्क्रूंवर ठेवा. पिशवी तिथूनच आत-बाहेर जाणार आहे. किटची टाकी असेल तर मागची झाकणाची प्लेट किंवा वरचा पट्टा उघडता येईल असा करून घ्या. कापण्याआधी कागदाचा साचा करून पिशवी खरंच आत जाते का ते बघा.

रंगाबद्दल एक आग्रह. इंधन टँकरवर 'ज्वलनशील' वगैरे इशाऱ्याचे स्टिकर असतात. त्यातून पन्हं वाढणं मोठ्यांना गमतीचं वाटतं, पण पाच वर्षांच्या पोराला त्यातून भलताच धडा मिळतो. स्टिकर लावू नका. दुधाचा टँकर करा, पांढरा आणि निळा. दिसतोही छान.

पिशवी की बाटली

कडक बाटलीची अडचण अशी की पेय बाहेर पडतं तितकी हवा आत यावी लागते. हवेची वाट ठेवली नाही तर धार अडते आणि गुडगुडत पडते. ठेवली तर वळणावर तिथूनच पेय उडतं. दुसरी भानगड हेलकाव्याची. अर्धी भरलेली बाटली ब्रेक मारल्यावर सगळं वजन पुढे फेकते आणि ट्रेलर पुढच्या ट्रकला ढकलतो. खऱ्या पेट्रोल टँकरमध्ये यासाठी आत आडव्या भिंती आणि कप्पे असतात. दुधाच्या टँकरमध्ये त्या बऱ्याचदा टाळतात, कारण भिंतीमागे धुता येत नाही. आपलं दुखणं दुधाच्या टँकरवाल्यांचंच आहे.

यावर सोपा उपाय सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या पाठीवर असतो. ट्रेकिंगच्या सॅकमध्ये सरकवतात ती पाण्याची पिशवी, दीड किंवा दोन लिटरची. पेय कमी होईल तशी ती मिटत जाते, त्यामुळे आत हवेची जागाच राहत नाही आणि हेलकावाही जवळजवळ नाहीसा होतो. भरल्यावर तोंड वर धरून उरलेली हवा दाबून काढा. तोंड रुंद असलेलीच पिशवी घ्या, म्हणजे हात आत घालून घासता येते. नळी निघते-बसते अशी जोडणी तिला आधीपासून असते, त्यामुळे तुमचं अर्धं काम दुकानदाराने केलेलं असतं. टाकीत ती घसरू नये म्हणून खाली फोमची पट्टी टाका आणि दोन वेल्क्रोचे पट्टे ओढून घ्या. नळी निघते ते टोक मागे आणि किंचित खाली.

काय भरायचं, काय नाही

लिंबू सरबत आणि कोकम सरबत ही नवशिक्यांची पेयं. पातळ असतात, लवकर नासत नाहीत, धुवायला सोपी. दोन्ही मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. लिंबाची एक बी पंपात अडकली की मिरवणूक संपली. पन्हं चालतं, पण गर मिक्सरमधून काढून, गाळून आणि नेहमीपेक्षा पातळ करून. सब्जा नको. पीयूषही नको, ते आपल्या जागी वाटीतच बरं.

सोलकढीचा मोह सगळ्यांना होतो. वाढता येते, पण ती उभी राहिली की नारळाचा अंश वर आणि पाणी खाली होतं, शिवाय नळीला आतून तेलकट थर बसतो. ऐन वेळी भरा, लगेच संपवा आणि गरम पाणी-साबणाने त्याच रात्री धुवा. मसाला ताकाला नळी आणि पिशवी वेगळीच ठेवा. हिंग-जिऱ्याचा वास सिलिकॉन सोडत नाही, पुढच्या वेळचं लिंबू सरबतही ताकासारखं लागतं. सोडा किंवा कुठलंही फसफसणारं पेय अजिबात नको: पिशवी फुगते, पंपात फेस होतो आणि पेल्यात हवा पडते.

कोजागिरीचं मसाला दूध गरमच हवं असेल तर त्यासाठी हा टँकर नाही. साय धरते, पिस्त्याचे काप अडकतात, आणि पिशवी तेवढी उष्णता सोसणारी असेलच असं नाही. गार दूध गाळून देता येतं. मात्र दूध-ताक फ्रीजबाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, आणि एप्रिल-मेच्या गच्चीवर एकच तास धरा. थंडाव्यासाठी पिशवीत बर्फ न टाकता शेजारी गोठवलेला जेल पॅक ठेवा. त्याच्या अंगाला पाणी सुटतं, म्हणून खाली टिपकागद हवा.

आंबट पेयाच्या वाटेत पितळ, तांबं, ॲल्युमिनियम काहीही येऊ देऊ नका. पितळेच्या भांड्याला कल्हई का लागायची हे घरातल्या मोठ्यांना विचारा. हार्डवेअरच्या दुकानात नळी जोडायला पितळी निपल झटकन हातात ठेवतात, तो परत करा. जोडण्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकच्या.

पंप

सरबत वाढण्याचे तीन मार्ग लोक करून बघतात.

पहिला, विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह लावून पेय आपोआप खाली पडू देणं. बाजारात १२ व्होल्टचे जे स्वस्त प्लास्टिकचे व्हॉल्व्ह मिळतात त्यातले बरेचसे नळाच्या दाबावर चालणारे असतात. त्यांना किमान ०.०२ मेगापास्कल दाब लागतो, म्हणजे दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. आपल्या टाकीची उंची १५ सेंटीमीटर. व्हॉल्व्ह टकटक वाजतो आणि थेंब पडत नाही.

दुसरा, छोटा डायफ्राम पंप, म्हणजे आतला पडदा हलवून पेय ढकलणारा. धार जोरदार, किंमत कमी. पण पेय पंपाच्या पोटातून जातं आणि ते पोट खाण्यापिण्यासाठी बनवलेलं असेल याची खात्री नसते. शिवाय तोटी पेयाच्या पातळीखाली असेल तर पंप बंद केल्यावरही धार चालूच राहते.

तिसरा, पेरिस्टाल्टिक पंप, आणि माझं मत निःसंशय याच्याच बाजूने. यात लवचीक नळीवर रोलर फिरतात. पेप्सीकोला खालून बोटांनी दाबत वर सरकवतो, तसे ते पेय पुढे ढकलतात. पेय फक्त नळीला लागतं, पंपाला कधीच नाही. डायलिसिसच्या यंत्रात रक्त फिरवायला हाच प्रकार वापरतात. बंद असताना रोलरने नळी चिमटलेली असते, त्यामुळे वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. आणि उलटा फिरवला की तोटीच्या टोकाला लोंबणारा शेवटचा थेंब आत ओढून घेतो. पाहुण्यांच्या चपलांवर पडणारे चिकट थेंब वाचवायला ही एकच गोष्ट पुरेशी आहे.

विकत घेताना मिनिटाला किती मिलिलिटर ते वाचा. मत्स्यालयात औषध सोडायचे इवलेसे पंप १०० च्या आसपास देतात, त्याने एक पेला भरायला मिनिट जातं आणि रांग चुळबुळते. ४०० च्या आसपासचा घ्या: १०० मिलिलिटरचा पेला १५ सेकंदांत. आतली नळी बदलता येते का तेही विचारा. व्होल्टेज ६ चा बघा, कारण बॅटरी ७.२ व्होल्टची असणार आहे. थोड्या थोड्या वेळासाठी तेवढं जास्त त्याला सोसतं. १२ व्होल्टचा घेतलात तर याच बॅटरीवर तो मरगळलेला चालेल.

खरेदीची फेरी

मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड: स्पीड कंट्रोलर (रिमोटच्या इशाऱ्यावर मोटरचा वेग आणि दिशा बदलणारी छोटी डबी), कपॅसिटर, फ्यूज, तारा, प्लग. पंपही तिथे मिळू शकतो, नाहीतर ऑनलाइन. मशीद स्टेशनाजवळ नागदेवी स्ट्रीट: स्क्रू, क्लॅम्प, स्टीलच्या जोडण्या. सिलिकॉनची नळी मात्र प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला प्रयोगशाळेचं आणि सर्जिकल सामान विकणाऱ्यांकडे बघा. हार्डवेअरवाल्याची पारदर्शक लेव्हल पाइप स्वस्त असते, पण तिचा प्लास्टिकचा वास सरबतात उतरतो. आतला व्यास ६ मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि पिशवीची नळी, पंप आणि स्टीलची जोडणी सोबत नेऊन तिथल्या तिथे बसवून बघा. घरी येऊन अर्ध्या मिलिमीटरचा फरक कळला की पुन्हा हार्बर लाइन.

वायरिंग

इथे घाई करू नका. बाकी सगळं चुकलं तर सरबत सांडेल, इथे चुकलं तर ट्रक जाईल.

ट्रेलरला स्वतःची बॅटरी द्या. नवशिक्याने ७.२ व्होल्टचा छोटा निकेल मेटल हायड्राइड पॅक घ्यावा, तो लिथियमपेक्षा जास्त चुका पोटात घालतो. बॅटरीच्या लाल तारेत ३ ॲम्पिअरचा फ्यूज, मग स्विच, मग एक छोटा ब्रश मोटरचा स्पीड कंट्रोलर, आणि त्याला पंपाची मोटर. स्पीड कंट्रोलर पुढे-मागे दोन्हीकडे चालणारा हवा. काहींमध्ये पहिल्यांदा मागे ओढलं की ब्रेक लागतो आणि दुसऱ्यांदा ओढल्यावर उलट चाल मिळते. शक्य असेल तर ब्रेक बंद करता येणारा घ्या.

पुढच्या ट्रकमधल्या रिसीव्हरपासून ट्रेलरपर्यंत फक्त दोन तारा जातात: सिग्नलची, जी बहुधा पांढरी, पिवळी किंवा नारिंगी असते, आणि ऋण, म्हणजे काळी किंवा तपकिरी. मधली लाल तार प्लगमधून काढून टेपने गुंडाळून टाका. ट्रकचा कंट्रोलर रिसीव्हरला वीज देतोच आहे. ट्रेलरचाही द्यायला लागला तर दोन पुरवठे एकमेकांवर भिडतात. ऋण तार मात्र जोडलेलीच हवी, तिच्याशिवाय सिग्नलला अर्थ नाही. ही जोडतार ट्रक पूर्ण वळला तरी ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवा, आणि ट्रेलर सोडवण्याआधी प्लग काढायची सवय लावा.

रिमोट किमान पाच-सहा चॅनेलचा, म्हणजे तेवढ्या गोष्टी वेगवेगळ्या चालवणारा, लागेल. तीन जागांवर थांबणारा एखादा स्विच पंपाच्या चॅनेलला द्या: वर सुलटा, मधे बंद, खाली उलटा. फ्लायस्काय कंपनीच्या एफएस-आय६ या रिमोटवर असा एक स्विच आहे. सिग्नल तुटला तर काय व्हावं, ते फेलसेफच्या सेटिंगमध्ये ठरवून ठेवा: पंप बंद, ट्रक थांबलेला. मग चाकं उचलून ठेवा, पंप चालू असताना रिमोट मुद्दाम बंद करा आणि दोन्ही थांबतात हे डोळ्यांनी बघा. एरवी चालू करताना आधी रिमोट, मग ट्रक, मग ट्रेलर. बंद करताना नेमकं उलट.

पंपाच्या मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. मोटरमधल्या ब्रशच्या ठिणग्यांमुळे ट्रकचे सर्वो, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरी, थरथरतात, त्या गोंधळाला याने आवर बसतो. सगळा इलेक्ट्रॉनिक माल झाकणाच्या डबीत घालून टाकीच्या पुढच्या टोकाला, पिशवीच्या पातळीच्या वर बसवा. डबीत शिरण्याआधी प्रत्येक तारेला खाली लोंबणारा छोटा झोल द्या. तारेवरून ओघळलेलं सरबत झोलाच्या तळाशी थेंब होऊन पडतं, डबीत जात नाही.

तोटी आणि पेला

स्टीलची बारीक वाकडी नळी मागच्या बाजूला, जमिनीपासून १२ सेंटीमीटरच्या वर. खाली पेला बसला पाहिजे आणि वर बोटभर जागा राहिली पाहिजे. पंप असल्यामुळे तोटी टाकीच्या तळापेक्षा वर नेली तरी चालते. पेला जमिनीवर ठेवून भरण्याची कल्पना मला पटत नाही. धूळ असते, पाय लागतो. पाहुण्याने वाकून पेला तोटीखाली धरावा, किंवा टँकर केटररच्या लांब टेबलावर चालवावा. टेबलाच्या कडांना लाकडी पट्टी हवीच. ट्रक आणि ट्रेलर मिळून मीटरभराहून लांब होतात, टेबलावर वळायला जागा नसते. सरळ पुढे, सरळ मागे, एवढंच.

वजन

पिशवी जितकी खाली तितकी बरी. सगळं वजन मागच्या चाकांवर गेलं तर ट्रकची मागची चाकं हलकी होऊन जागीच फिरतात, म्हणून बॅटरी पुढे, जोडणीच्या बरोबर वर. मुंबईच्या गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार असतो आणि वर चायना मोझॅक. त्या खडबडीवर भरलेला ट्रेलर थडथडतो आणि सैल क्लॅम्प सुटतो. तीन गिअरचा ट्रक असेल तर पहिल्या गिअरवरच ठेवा. वेग दाखवायला ही जागा नाही.

पाण्यावर तालीम

पिशवीखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद अंथरा, पाणी भरा, आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी कागदावर डाग कुठे आहे त्यावरून गळती कुठे आहे ते कळतं. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. पंप दहा सेकंद चालवा, वजन घ्या, आणि एका पेल्याला किती सेकंद लागतात ते काढून रिमोटच्या पाठीवर चिकटवा. खऱ्या पेयावर पुन्हा एकदा मोजा, दाट पन्ह्याला जास्त वेळ लागतो. नळीत आधी हवा असते, म्हणून पाहुण्यांसमोर जाण्याआधी एक पेला काढून टाका. तो तुम्हीच प्या, चवही कळेल.

वाढताना एकाने रिमोट धरावा आणि दुसऱ्याने टँकरपाशी उभं राहावं. काचेचे पेले नकोत. पोरं टँकरच्या मागे धावतातच, त्यांना रांगेत उभं करणं हे त्या दुसऱ्या माणसाचं काम.

धुणं

पाहुणे जिना उतरत असतानाच सुरू करा. आधी कोमट पाणी पंपाने फिरवा, मग साबणाचं पाणी, मग स्वच्छ पाणी तोटीतून निर्मळ येईपर्यंत. वास राहिला तर खायच्या सोड्याचं पाणी अर्धा तास नळीत भरून ठेवा. कोकमाने नळी गुलाबी पडली तर त्याची काळजी नको, काळे ठिपके दिसले तर मात्र नळी फेकून द्या.

धुण्यापेक्षा वाळवणं कठीण, त्यातून जुलै-ऑगस्टमध्ये नळी आपली आपण वाळतच नाही. मत्स्यालयाचा हवेचा छोटा पंप क्रॉफर्ड मार्केटमध्ये मिळतो. तो नळीच्या टोकाला लावून तासभर हवा जाऊ द्या. पिशवी लाकडी चमच्याने ताणून तोंड खाली करून टांगा, आणि पूर्ण कोरडी झाली की फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी धरत नाही. पंपाच्या डोक्यातली नळी ठेवून देण्याआधी रोलरखालून सोडवा, नाहीतर महिनाभर एकाच जागी दाबून ती चपटी होते. ट्रकची चाकं ओल्या फडक्याने पुसा. टायरवरची साखर तशीच राहिली तर सकाळी गच्चीवरच्या मुंग्या कपाटापर्यंत माग काढत येतात.